कॅस्पेस-३/७ चं प्रकाश देणारं किट: दोन बॉक्स संपल्यावर

दुसरा बॉक्स परवा संपला. पहिला संपला तेव्हाच लिहायला बसले असते तर रागात लिहिलं असतं, आणि तो राग भलत्याच गोष्टीवर निघाला असता. म्हणून थांबले.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान प्रयोगशाळेत आहे. पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर औषधं घालून बघायची, आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टला येतात त्यांना पिपेट धरण्यापासून सगळं शिकवायचं, हे माझं काम. सोळा वर्षं झाली. राहते कोपरीला. सकाळी ठाण्याहून पनवेल नाहीतर वाशी, मिळेल ती लोकल पकडते आणि दिघा, ऐरोली, रबाळे एवढ्या वेळात आज कुठली प्लेट लावायची ते वहीत मांडून घेते. आमच्याकडे जास्त काम मेंदूच्या गाठींच्या पेशींवर चालतं, त्यातही ग्लायोब्लास्टोमा. औषध घातल्यावर पेशी मेली का, आणि मेली तर कशी मेली, हा रोजचा प्रश्न. हे किट त्याचसाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या जातीची किट्स दोन-चार कंपन्या बनवतात आणि तत्त्व सगळ्यांचं एकच आहे. मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू पडतं.

नवीन मुलांसाठी थोडं मुळापासून सांगते. पेशी मरण्याच्या दोन ढोबळ तऱ्हा. एकीत पेशी स्वतःच स्वतःला आवरतं घेते. आतली प्रथिनं, डीएनए यांचे पद्धतशीर तुकडे करते, त्यांची लहान लहान गाठोडी बांधते, आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात. बाहेर काही सांडत नाही. याला अपोप्टोसिस म्हणतात. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पानं गळणं. दुसरी तऱ्हा नेक्रोसिस. यात पेशीचं आवरणच फुटतं आणि आतलं सगळं बाहेर सांडतं.

पहिल्या तऱ्हेत तुकडे करण्याचं काम कॅस्पेस नावाचे एन्झाइम करतात. कॅस्पेस-३ हा त्यातला शेवटच्या टप्प्यावरचा मुख्य गडी. एरवी तो पेशीत ३२ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) निष्क्रिय रूपात पडून असतो. वरून हुकूम आला की त्याचेच १७ आणि १२ किलोडाल्टनचे तुकडे होतात आणि मग तो कामाला लागतो. प्रथिनात डी-ई-व्ही-डी अशी चार अमिनो आम्लांची ओळ दिसली की तिच्या शेवटी कापतो. कॅस्पेस-७ हीच ओळ ओळखतो, म्हणून किटच्या नावात दोघं एकत्र असतात. दोघांमध्ये फरक करणं या किटला जमत नाही. तो हवा असेल तर वेस्टर्न ब्लॉटच, म्हणजे प्रथिनं आकारानं वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखणं, करावा लागतो.

किटची युक्ती मला आजही सुंदर वाटते. डी-ई-व्ही-डी ही ओळ घेऊन तिच्या टोकाला काजव्याच्या प्रकाशाचा कच्चा माल जोडलेला असतो. ओळ अखंड आहे तोवर तो माल अडकलेला. पेशीतल्या कॅस्पेसनं ओळ कापली की माल सुटतो, आणि बाटलीत आधीच असलेलं ल्युसिफरेज हे काजव्याचंच एन्झाइम त्याच्यापासून प्रकाश करतं. जितकं कॅस्पेस जास्त, तितका उजेड जास्त. मशीन तो मोजून आकडा देतं. माझं आजोळ मुरबाडकडचं. पाऊस पडायच्या आधीच्या आठवड्यात तिथे हिरड्याच्या झाडावर काजवे यायचे आणि आजी आम्हाला अंगणात उठवून न्यायची. मरणाऱ्या पेशीची खबर त्याच उजेडातून कळते हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. ऐकताना मुलं थांबतात, हे मी पाहिलंय.

वापरायला किट सोपं आहे, यात शंका नाही. पेशी धुवायच्या नाहीत, खरवडायच्या नाहीत. बफरमध्ये सब्स्ट्रेट, म्हणजे ती माल जोडलेली ओळ, विरघळवायचं, प्लेटमधल्या प्रत्येक खळग्यात, म्हणजे वेलमध्ये, जितकं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते द्रव, तितकंच हे द्रावण घालायचं, हलक्या हातानं हलवायचं, अर्धा तास ते तीन तास अंधारात ठेवायचं आणि वाचायचं. मी एक तास ठरवून टाकलाय. प्लेट पांढऱ्या भिंतींची हवी. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड झिरपतो, आणि काळीत उजेड शोषला जाऊन आकडे पडतात. द्रावण आणि प्लेट दोन्ही खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय हात लावू नका. ल्युसिफरेजला तापमानाचा फरक लगेच जाणवतो. एसी थेट मशीनच्या अंगावर असेल तर कडेच्या वेलचे आकडे वेगळेच येतात. आमच्याकडे तसंच व्हायचं. शेवटी एसीच्या तोंडाला पुठ्ठा लावला.

खर्चाचं बोलू. दहा मिलिलिटरची बाटली, एका वेलला १०० मायक्रोलिटर धरलं तर १०० वेल होतात. ऐकायला भरपूर. पण एक साधा प्रयोग मांडून बघा: पेशी नसलेले वेल, औषधाशिवायच्या पेशी, फक्त डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतो ते द्रव) घातलेल्या, औषध घातलेल्या, हमखास मरणाऱ्या, आणि कॅस्पेसला रोखणारं रसायन घातलेल्या. सहा गट, प्रत्येकी तीन वेल. एका औषधाच्या एका मात्रेला एका दिवशी १८ वेल गेले. दिवस वाढवले की संपलंच. आम्ही ५० मायक्रोलिटर मीडियममध्ये ५० मायक्रोलिटर द्रावण असं करून बघितलं, प्रमाण एकास एकच राहिलं आणि आकड्यांचा कल बदलला नाही. त्यामुळे बाटली दुप्पट पुरली. ज्यांच्याकडे ग्रँट तुटपुंजी आहे त्यांनी हे आधी करावं. मात्र वाचवायचं म्हणून रोखणारा गट, म्हणजे झेड-व्हीएडीचा, गाळू नका. डी-ई-व्ही-डी ओळ पेशीतले दुसरेही काही एन्झाइम थोडीफार कापतात. झेड-व्हीएडी घातल्यावर उजेड विझला तरच तो उजेड कॅस्पेसचा होता असं म्हणायला तोंड राहतं.

आता पहिल्या बॉक्सची गोष्ट. हे किट उणे २० अंशांवर ठेवायचं असतं आणि सुक्या बर्फात यायला हवं. आमचा बॉक्स मे महिन्यात, शुक्रवारी संध्याकाळी, आम्ही निघून गेल्यावर गेटवर टाकून कुरिअरवाला गेला. वॉचमनला वाटलं, खोका आहे, सोमवारी देऊ. सोमवारी उघडला तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता आणि बाटल्या कोमट होत्या. विक्रेत्याला फोन केला तर, "मॅडम, काही होत नाही, वापरून बघा." वापरून बघितलं. आमच्याकडे जुन्या किटचं थोडं द्रावण शिल्लक होतं. एकाच प्लेटवर, एकाच पेशींवर दोन्ही घातली, तर नव्याचा उजेड जुन्याच्या निम्माही नव्हता. त्या आकड्यांची छापील पानं जोडून मेल केला तेव्हा पाच आठवड्यांनी बदली बॉक्स आला. ज्या मुलीचा प्रोजेक्ट होता तिचे ते पाच आठवडे कुणी भरून दिले नाहीत. हा दोष किटचा नाही हे मला मान्य आहे, पण विकत घेणाऱ्याच्या हातात शेवटी जे पडतं त्यात हाही भाग येतो. ऑर्डर देताना लिहून घ्या: सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवा, सुका बर्फ किती किलो ते बिलावर लिहा, आणि गेटवर आमच्या माणसाच्या सहीशिवाय ठेवू नका. एप्रिल-मे टाळता आलं तर टाळाच.

त्या घटनेमुळे माझा किटवरचा विश्वास उडाला होता, आणि त्यातूनच पुढची चूक झाली. ती माझी चूक होती.

प्राजक्तानं, त्याच मुलीनं, बदली बॉक्स आल्यावर यू-८७ पेशींवर (प्रयोगशाळांत वाढवली जाणारी ग्लायोब्लास्टोमाची एक पेशीजात) टेमोझोलोमाइड घातलं. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांना २००५ पासून जगभर रेडिएशनसोबत हेच औषध दिलं जातं. मात्रा १०० मायक्रोमोलर, वेळ २४ तास. प्लेट वाचली. औषधाच्या वेलमध्ये आणि साध्या वेलमध्ये काडीचा फरक नाही. ती रडवेली झाली. मी म्हटलं, "परत खराब बॉक्स पाठवलाय यांनी." विक्रेत्याला फोन लावायला उठलेच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "पण मॅडम, स्टॉरोस्पोरिनचे वेल तर लख्ख आहेत."

खरंच होते. स्टॉरोस्पोरिन हे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मिळालेलं रसायन. ते घातलं की बहुतेक पेशी काही तासांतच मरणाची वाट धरतात, म्हणून किट ठीक आहे का हे बघायला आम्ही ते वापरतो. ते वेल चमकत असतील तर किट शंभर टक्के ठीक. मग औषध चालत नाही? प्राजक्तानं मसुद्यात तसं लिहूनही टाकलं होतं: टेमोझोलोमाइडमुळे यू-८७ पेशींत अपोप्टोसिस होत नाही.

ते वाक्य तसंच छापलं गेलं असतं तर मला आयुष्यभर लागून राहिलं असतं. कारण औषध कसं मारतं हे मला माहीत होतं आणि रागाच्या भरात मी त्याचा विचारच केला नव्हता. टेमोझोलोमाइड डीएनएमधल्या ग्वानिनला, म्हणजे त्याच्या चार अक्षरांतल्या एकाला, मिथाइल गट नावाचा अणूंचा एक लहान पुंजका चिकटवतं. तेवढ्यानं पेशी मरत नाही. पेशी दुपटीला येते, डीएनएची नक्कल होते, तेव्हा त्या बिघडलेल्या ग्वानिनसमोर चुकीचं अक्षर बसतं. दुरुस्तीची यंत्रणा चुकीचं अक्षर कापते, पण मूळ ग्वानिन तसंच असल्यामुळे पुन्हा चुकीचंच बसतं. कापा, भरा, कापा, भरा. पुढच्या फेरीत त्यातून डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, आणि मग कुठे मरणाचा हुकूम निघतो. याला दिवस लागतात. चोवीस तासांत आम्ही कशाचा उजेड शोधत होतो?

मग सहा दिवसांची मालिका लावली, रोज एक प्लेट. पहिले तीन दिवस शांत. पाचव्या-सहाव्या दिवशी उजेड वाढला, तोही बेताचाच, स्टॉरोस्पोरिनच्या जवळपासही नाही. पण शेजारच्या प्लेटवर पेशी मोजल्या तर औषधाच्या वेलमध्ये त्या कितीतरी कमी. म्हणजे बऱ्याचशा पेशी मरण्याऐवजी विभाजनाच्या आधीच अडून बसल्या होत्या, आणि थोड्या उशिरा मेल्या. यू-८७ बद्दल हे इतरांनीही नोंदवलेलं आहे. म्हणून माझी या किटबद्दलची सगळ्यात मोठी सूचना हीच, आणि माहितीपत्रकात ती बारीक अक्षरात कुठेतरी असते: पेशी मोजल्याशिवाय उजेडाच्या आकड्याला अर्थ नाही. निम्म्या पेशी उरल्या असतील आणि उजेड तेवढाच असेल, तर उरलेल्या प्रत्येक पेशीत कॅस्पेस दुप्पट आहे. सरळ आकडा बघाल तर "काही फरक नाही" असं वाटेल. शिवाय कॅस्पेसचा उजेड टिकत नाही, चढतो आणि उतरतो. एकदाच मोजलंत तर चढण्याआधी मोजलं की उतरल्यावर, हे कळायला मार्ग नाही.

नंतर टी-९८जी ही ग्लायोब्लास्टोमाची दुसरी पेशीजातही घेतली. त्यांत एमजीएमटी नावाचं एन्झाइम असतं, ते ग्वानिनवरचा मिथाइल गट उचलून स्वतःवर घेतं आणि स्वतः निकामी होतं. एक रेणू, एक दुरुस्ती. यू-८७ मध्ये त्याचं जनुक बंद आहे. टी-९८जीच्या प्लेटवर त्याच मात्रेला सहाव्या दिवशीही अंधार होता. प्राजक्ताच्या प्रबंधातलं प्रकरण त्या दोन आलेखांवर उभं राहिलं. जाता जाता: यू-८७ वर काम करणाऱ्यांनी प्रबंधात हेही लिहावं की स्वीडनमधल्या अप्सालाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की जगभर वाटली गेलेली यू-८७ आणि मूळ रुग्णाची गाठ यांचा डीएनए जुळत नाही. त्या पेशी ग्लायोब्लास्टोमाच्याच असाव्यात असं त्यांचं मत होतं, पण त्या रुग्णाच्या नाहीत.

या किटला जोडीदार हवा, तो म्हणजे एलडीएचचं किट. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम प्रत्येक पेशीत भरपूर असतं आणि आवरण फुटलं की मीडियममध्ये सांडतं. त्याच्यामुळे लाल रंग तयार होतो, ४९० नॅनोमीटरवर मोजायचा. साधा प्लेट रीडर पुरतो आणि खर्चही बराच कमी. कॅस्पेसचा उजेड आहे आणि एलडीएच नाही, तर अपोप्टोसिस सुरू आहे. एलडीएच आहे आणि उजेड नाही, तर पेशी फुटून मेल्या, किंवा आवरून घेणं केव्हाच संपलं आणि आता नुसते अवशेष उरलेत. प्लेटमध्ये गिळायला शेजारी नसतात, त्यामुळे अपोप्टोसिसनं मेलेल्या पेशीही शेवटी फुटतातच. दोन अडचणी लक्षात ठेवा. वासराच्या सिरममध्येही एलडीएच असतं, म्हणून सिरम कमी करा आणि नुसत्या मीडियमचे वेल वजा करा. आणि मीडियममध्ये सांडलेलं एलडीएच टिकत नाही, सुमारे ९ तासांत निम्मं होतं. सहा दिवसांच्या प्रयोगात शेवटी एकदाच मोजून पहिल्या दिवसांत काय झालं ते कळणार नाही.

हे सगळं प्रयोगशाळेतलं. पण हे किट कुणासाठी नाही, हेही लिहायला हवं, आणि ते मला एका रविवारी घरी कळलं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या यजमानांचं उन्हाळ्यात मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं. मी "तसल्याच गाठींवर काम करते" हे त्यांना ठाऊक होतं. फाइल घेऊन आल्या. रिपोर्टवर ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच-वाइल्डटाइप (म्हणजे आयडीएच या जनुकात बदल नाही), ग्रेड ४ असं होतं, आणि खाली पॅलिसेडिंग नेक्रोसिस. काकूंनी कुणाकडून तरी त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला होता. त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "नेक्रोसिस म्हणजे मेलेला भाग ना गं? म्हणजे गाठ आतून मरायला लागलीय. चांगलंच झालं की."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी आणलं. काय बोलायचं ते ठरवायला तेवढाच वेळ. मग खरं सांगितलं. म्हटलं, "काकू, ही गाठ इतकी भराभर वाढते की तिचाच रक्तपुरवठा तिला पुरत नाही. म्हणून मधला भाग मरतो. ते औषधामुळे झालेलं नाही. डॉक्टरांनी तो शब्द लिहिलाय तो गाठ कुठल्या प्रकारची आहे ते ओळखायला." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तुझ्या त्या किटवर ह्यांचं रक्त तपासून सांगशील का, गोळ्या लागू पडतायत का ते? पैसे देईन मी."

नाही सांगावं लागलं. ज्या एन्झाइमचा उजेड मी मोजते ते मरणाऱ्या पेशीच्या आत असतं, प्लेटवर, माझ्या हाताखाली. रक्तात एलडीएच मोजता येतं, कुठल्याही लॅबमध्ये होतं, पण ते यकृतातून, स्नायूंतून, हृदयातून, तांबड्या पेशींतूनही येतं. रक्ताची नळी जोरात हलली तरी वाढतं. त्यावरून मेंदूतल्या गाठीबद्दल काहीही सांगणं म्हणजे काकूंना फसवणं झालं असतं. बॉक्सवर ठळक छापलेलं असतं, फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नाही. आजवर मी ते कायद्यापुरतं लिहिलेलं वाक्य समजत होते.

एक मात्र सांगता आलं. त्या फाइलमध्ये एमजीएमटीचा रिपोर्ट नव्हता. गाठीच्या पेशींत त्या जनुकाची कळ बंद आहे की चालू, हे ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यावरून तपासता येतं, आणि टेमोझोलोमाइडचा उपयोग किती होईल याचा अंदाज त्यावरून डॉक्टरांना येतो. "ही तपासणी झालीय का, एवढं विचारा," म्हटलं. काकूंनी पर्समधून पेन काढलं आणि फाइलच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: एम जी एम टी. स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं. किती महिने वगैरे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तर, विकत घ्यावं का? पेशींवर औषध तपासणाऱ्यांनी जरूर घ्यावं. संवेदनशील आहे, मेहनत कमी आहे, आणि नियम पाळले तर दगा देत नाही. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण कापला तो माहितीपत्रकासाठी: पेशी मोजण्याची आणि अनेक दिवस मोजण्याची सूचना पहिल्या पानावर ठळक हवी. विक्रेत्याला वेगळे गुण द्यायचे असते तर दोनच दिले असते. ज्यांच्याकडे गाठीच्या मेणात बसवलेल्या चकत्या आहेत त्यांना हे किट उपयोगाचं नाही. त्यांनी कापल्या गेलेल्या कॅस्पेस-३ वर बसणारी अँटिबॉडी घ्यावी आणि पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून मोजावं, कारण नेक्रोसिसच्या कडेला खोटा रंग फार धरतो.

तिसऱ्या बॉक्सची ऑर्डर काल दिली. सोमवारी निघेल, मंगळवारी दुपारपर्यंत रबाळ्याच्या गेटवर येईल, आणि वॉचमनकाकांच्या टेबलावर प्राजक्तानं स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय: थंड खोका आला की लगेच फोन करा, रविवार असला तरी.